यंत्र जागे होते तेव्हा

स्मरणिकेच्या संपादकांनी आमच्याकडे लेख मागितला तो "विज्ञानातला एखादा सोपा विषय घ्या" अशा सूचनेसह. सोपा विषय कोणता हे ठरविणे हेच काम आम्हाला सर्वांत अवघड वाटले. शेवटी जो निवडला तो नावाने जड आहे. पण त्यातील वस्तू वाचकांपैकी प्रत्येकाच्या घरात आज आहे, इतकेच नव्हे तर एकाहून अधिक आहे.

कपडे धुण्याचे यंत्र, दूरदर्शनचा संच, विजेचा नवा मीटर, मोटारीतील इंधनाचे नियंत्रण, दवाखान्यातील रक्तदाब मोजण्याचा पट्टा, ह्या साऱ्यांच्या पोटात एकेक लहानसा संगणक बसविलेला असतो. त्याला पडदा नसतो, टंकफलक नसतो, आणि "मी संगणक आहे" असे तो कोणास सांगतही नाही. ह्या जातीला 'एम्बेडेड' म्हणजे यंत्रातच अंतर्भूत केलेली प्रणाली म्हणतात. तिच्यात कायमची भरून ठेवलेली जी आज्ञावली, ती 'फर्मवेअर'. आज आम्हाला सांगावयाचे आहे ते ह्या फर्मवेअरच्या अगदी पहिल्या तुकड्याविषयी, ज्याला 'बूटलोडर' असे नाव आहे. त्याला जोडूनच, यंत्र आत कोठे अडले हे बाहेरून शोधण्याच्या युक्त्यांविषयीही लिहू. हा विषय आम्ही पुस्तकातून शिकलो हे खरे, परंतु पक्का झाला तो आमच्याच एका चुकीने. ती चूक पुढे येईलच.

बटण दाबले की यंत्र सुरू होते, असे आपण सहज म्हणतो. पण त्या पहिल्या क्षणी आत काय असते? काहीच नसते. ज्या स्मृतीत काम चालावयाचे ती वीज गेल्याबरोबर पुसली गेलेली असते. मुख्य चिपला आपण धुलाईयंत्रात आहो की विमानात, हेही ठाऊक नसते. जन्मतः तिला एकच गोष्ट येते: वीज मिळाली की स्मृतीच्या एका ठरलेल्या पत्त्यावर जावयाचे आणि तेथे जी आज्ञा असेल ती पाळावयाची. त्या पत्त्यावर कोणी काही लिहून ठेवलेच नसेल, तर एवढी मोलाची चिप दगडासारखी पडून राहील.

तेव्हा त्या पत्त्यावर कोणीतरी आधीच बसलेला असावा लागतो. तोच बूटलोडर. मुलांना आम्ही त्याची ओळख दोन दाखल्यांनी करून देतो. पहाटे टाळ-चिपळ्या वाजवीत वासुदेव येतो, आणि रमजानच्या महिन्यात मोहल्ल्यातून सहरीसाठी हाक देत जाणारा येतो. दोघेही घरातला स्वयंपाक करीत नाहीत. माणसे उठली आहेत ना, एवढे पाहावयाचे आणि पुढे जावयाचे. बूटलोडरही तसाच. घड्याळाची गती ठरविणे, स्मृती वापरण्याजोगी करणे, नवी आज्ञावली कोणी बाहेरून पाठवीत आहे काय हे क्षणभर कान देऊन ऐकणे, आणि कोणी नसेल तर मुख्य आज्ञावलीच्या हाती कारभार सोपविणे, एवढेच त्याचे काम. आपले यंत्र नीट चालते आहे तोवर त्याचे नावही कोणी घेत नाही.

नावाची गंमतही सांगून टाकू. पाश्चात्त्यांच्या उंच बुटांना मागे एक पट्टी असते. ती धरून स्वतःलाच उचलावे, ह्या अशक्य कल्पनेवरून हा शब्द आला. संगणकाला चालू होण्यासाठी आज्ञावली हवी, आणि आज्ञावली आत घेण्यासाठी संगणक चालू हवा. ही गाठ पूर्वीच्या काळी माणसाच्या हाताने सुटत असे. १९६५ साली निघालेल्या पीडीपी-८ ह्या संगणकाच्या तोंडावर खटक्यांची रांग होती. चालक एकेक खटका वरखाली करून सुरुवातीच्या मोजक्या आज्ञा हाताने भरी. मग तेवढ्या आज्ञांच्या बळावर यंत्र छिद्रांकित कागदी फितीवरून पुढची आज्ञावली वाचून घेई. पुढे १९७१ मध्ये, लिहिलेले वीज गेली तरी टिकेल आणि अतिनील प्रकाशाने पुसताही येईल, अशी स्मृती निघाली. तोशिबा कंपनीतील फुजिओ मासुओका ह्यांनी १९८४ मध्ये 'फ्लॅश' स्मृती जगापुढे मांडली, आणि विजेनेच लिहिता-पुसता येणाऱ्या ह्या स्मृतीमुळे खटक्यांचे काम चिपच्या पोटातच जाऊन बसले.

आता आमच्या शाळेकडे वळू. प्रयोगशाळेत लहान-लहान चार बोर्ड आहेत. देणगीच्या पैशांतून ते घेतले होते, आणि आम्ही त्यांना फार जपत असू. २००५ साली इटलीतील इव्ह्रेआ गावी 'आर्डुइनो' नावाची शैक्षणिक योजना सुरू झाली. तिच्या धर्तीवरचे बोर्ड आता सर्वत्र स्वस्तात मिळतात. आमचेही त्याच वळणाचे, बाजारातून घेतलेले. त्यांवर एटीमेगा ३२८पी ही चिप असते. तिची कायम स्मृती ३२ किलोबाइट आणि कामाची स्मृती अवघी २ किलोबाइट. मोबाईलवर काढलेल्या एका छायाचित्रातही ह्याच्या कितीतरी पट माहिती असते. ह्या ३२ किलोबाइटांच्या अगदी शेवटच्या कोपऱ्यात बूटलोडर राहतो. आमच्या बोर्डांवर होता तो जुन्या पद्धतीचा, २ किलोबाइट जागा अडविणारा.

दहावीच्या वर्गातील एका मुलीने शाळेच्या पाण्याच्या टाकीसाठी नियंत्रक करावयास घेतला. आमच्या भागात नळाला रोज पाणी येत नाही. ज्या दिवशी येते त्या दिवशी टाकी भरून वाहते, किंवा पंप बंद करणारा विसरतो, किंवा पंप कोरडाच फिरत राहतो. टाकीत तरंगता खटका बसवावयाचा, दर पाच सेकंदांनी त्याची स्थिती पाहावयाची आणि पंप चालू-बंद करावयाचा, अशी तिची योजना होती. आम्ही ती वाचली, खूष झालो, आणि शिक्षकाला न शोभणारी एक घाई केली. "मोठ्या यंत्रांत वॉचडॉग असतो, तुझ्या यंत्रातही घाल," असे सांगितले.

वॉचडॉग म्हणजे चिपमधील एक स्वतंत्र घड्याळ. मुख्य आज्ञावलीने ठरलेल्या वेळात त्याला "आम्ही जागे आहो" असे सांगत राहावे लागते. हाक आली नाही की आज्ञावली कोठेतरी अडकली असे समजून ते चिपला धक्का देऊन पुन्हा पहिल्यापासून सुरू करते. रात्री कोणी जवळ नसताना चालणाऱ्या यंत्राला हा मोठाच आधार आहे. मुलीने वॉचडॉगची मुदत दोन सेकंद ठेवली. पण तिची आज्ञावली दर वाचनानंतर पाच सेकंद स्वस्थ बसत होती! दोन सेकंदांनी धक्का बसणार हे उघड होते. ते तिच्या ध्यानात आले नाही, आणि वही तपासताना आमच्याही आले नाही.

आज्ञावली बोर्डात भरली. दोन सेकंदांत बोर्डवरचा लहानसा दिवा थरथरू लागला आणि बोर्डाने बोलणेच सोडले. दुरुस्त आज्ञावली पाठवू लागलो तर संगणक सांगे की पलीकडून उत्तर येत नाही. तार बदलली, संगणक बदलला. बाजारातल्या एका दुकानदाराला दाखविले. त्याने हातातही न घेता "मेला आहे, टाकून द्या" म्हणून सांगितले. आम्ही वर्गात, सर्वांसमोर, त्या मुलीला बोललो. दुसऱ्याची वस्तू हाताळताना जबाबदारीने हाताळावी, वगैरे वगैरे. ती चार दिवस प्रयोगशाळेत फिरकली नाही. पाचव्या दिवशी तिचे वडील आले. रिक्षा चालवितात. शाळेच्या दारात उभे राहून म्हणाले, "सर, पोरीकडून नुकसान झालं. किती भरायचे ते सांगा, दोन हप्त्यांत देतो."

त्या रात्री आम्ही झोपलो नाही हे खोटे होईल, परंतु उशिरापर्यंत चिपची माहितीपुस्तिका घेऊन बसलो हे खरे. आणि तीत जे सापडले ते असे. वॉचडॉगने धक्का दिला की चिप एका जागी खूण करून ठेवते. ती खूण असेतोवर वॉचडॉग बंद होत नाही. उलट तो सर्वांत छोट्या मुदतीवर येतो, म्हणजे सुमारे १६ मिलिसेकंद. पुन्हा उठणाऱ्या आज्ञावलीने पहिले काम म्हणून ती खूण पुसावी आणि वॉचडॉग थांबवावा अशी अपेक्षा असते. पण पुन्हा उठतो कोण? आधी बूटलोडर! आणि त्या जुन्या बूटलोडरला वॉचडॉगची वार्ताच नव्हती. तो आपला सवयीप्रमाणे नव्या आज्ञावलीची वाट पाहत सेकंद-दीड सेकंद बसू पाहे, आणि १६ मिलिसेकंदांत त्याला धक्का बसे. उठला, धक्का, उठला, धक्का. दिवा थरथरत होता तो ह्यामुळे. बोर्ड मेला नव्हता. त्याला बोलण्याइतकी उसंतच मिळत नव्हती. वीज काढून पुन्हा दिली तर खूण पुसली जाई खरी, पण दोन सेकंदांनी मुलीची आज्ञावली पुन्हा त्याच चक्रात लोटून देई.

म्हणजे रखवालदार ठेवण्याचा सल्ला आमचा, वही तपासली आम्ही, बूटलोडर जुना आहे हे पाहावयाचे राहिले तेही आमच्याकडून. मुलीची चूक एका आकड्याची.

उपाय असा केला. अशा चिपांना मागच्या दाराने भेटण्याची सोय असते. बूटलोडर नसला, बिघडला, वेडावला, तरी हे दार उघडते, कारण ते आज्ञावलीवर अवलंबून नसून चिपच्या घडणीतच असते. सहा तारा लागतात: दोन विजेच्या, एक निर्देश नेणारी, एक उत्तर आणणारी, एक ताल धरणारी आणि सहावी चिपला 'थांब' म्हणून दाबून ठेवणारी. ह्या सहाव्या तारेत सारे मर्म आहे. चिप दाबून धरली की आतली कोणतीच आज्ञावली चालत नाही आणि चक्र थांबते. दुसऱ्या चांगल्या बोर्डालाच वैद्य बनवून आम्ही सहा तारा जोडल्या. तारा जोडणाऱ्या त्या मुलीच होत्या. तिच्या मैत्रिणीलाही आम्ही बोलावले होते. आधी चिपला तिची ओळख विचारावयाची असते. ह्या जातीच्या चिपने तीन ठराविक संख्या सांगावयाच्या असतात. पडद्यावर तिन्ही संख्या बरोबर उमटल्या तेव्हा मुलगी म्हणाली, "सर, म्हणजे ही जिवंत होती?" मग ऑप्टिबूट नावाचा नवा बूटलोडर आत भरला. तो ५१२ बाइटांतच मावतो, आणि वॉचडॉगची खूण उठल्याबरोबर तपासतो. वर्गात ज्या जागी उभे राहून बोललो होतो तेथेच उभे राहून दुसऱ्या दिवशी आम्ही चूक कबूल केली. वडिलांचे पैसे अर्थातच घेतले नाहीत.

असो. यंत्र आत कोठे अडले हे कळावयाचे कसे, ह्याविषयी चार ओळी लिहिणे भाग आहे. सर्वांत गरिबाचे साधन म्हणजे एक दिवा: आज्ञावली अमुक ठिकाणी पोचली की एकदा लुकलुकव, तमुक ठिकाणी दोनदा. त्याहून बरे म्हणजे दोन तारांवरून अक्षरे बाहेर पाठविणे, म्हणजे यंत्र आपली रोजनिशी वाचून दाखविते. परंतु बोलण्यातही वेळ जातो, आणि कित्येक दोष असे लाजाळू असतात की रोजनिशी लिहू लागताच नाहीसे होतात. म्हणून मोठ्या चिपांत स्वतंत्र दार ठेवतात. १९८५ च्या सुमारास युरोप-अमेरिकेतील कारखानदारांच्या एका संयुक्त गटाने त्याचा विचार सुरू केला, आणि १९९० मध्ये ते प्रमाण म्हणून मान्य झाले. त्या गटाच्या आद्याक्षरांवरून त्याला 'जेटॅग' म्हणतात. चार-पाच तारांवरून चिप हव्या त्या आज्ञेवर थांबविता येते, तिच्या आतल्या कप्प्यांत काय आहे ते वाचता येते, एकेक पाऊल चालविता येते. मूळ हेतू खरे पाहता बोर्डवरचे सांधे नीट जोडले आहेत की नाही हे पाहण्याचा. दोष शोधणाऱ्यांनी ते दार आपलेसे केले. अर्थात हे दार चोरालाही उपयोगी पडते. म्हणून विकावयाच्या यंत्रांत ते पुष्कळदा कुलूपबंद करतात, आणि मग दुरुस्ती करणारा प्रामाणिक कारागीरही बाहेरच राहतो. आमचे मत विचाराल तर ज्याने वस्तू विकत घेतली त्याच्याजवळ किल्ली असावी; पण हा वाद मोठा आहे.

आमच्या चार बोर्डांची कथा जगाच्या दृष्टीने क्षुल्लक. पण हीच कथा मंगळावर घडली होती, हे आम्हाला त्या रात्रीनंतर आठवले, आणि मुलांना सांगताना फार उपयोगी पडले.

अमेरिकेचे 'स्पिरिट' नावाचे चाकांचे यान ४ जानेवारी २००४ रोजी मंगळावरील गुसेव्ह विवरात उतरले. त्याच्या संगणकाला १२८ मेगाबाइट कामाची स्मृती आणि २५६ मेगाबाइट फ्लॅश होती. २१ जानेवारीला यानाने नीट बोलणे सोडले. ऑस्ट्रेलियात कॅनबेराजवळच्या केंद्रावर त्या दिवशी वादळी हवा होती, म्हणून प्रथम दोष हवेला दिला गेला. पण पुढच्या संधींनाही अर्थपूर्ण उत्तर येईना. यान होते कोट्यवधी किलोमीटर दूर. हाक पोचावयास सुमारे दहा मिनिटे आणि उत्तर परत यावयास तितकीच. तेथे सहा तारा घेऊन कोण जाणार?

थोडीथोडी माहिती हाती आली तेव्हा कॅलिफोर्नियातील पासाडेना येथील जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीतील मंडळींच्या ध्यानात आले की यान पुनःपुन्हा नव्याने सुरू होत आहे. तीन दिवसांत साठाच्या आसपास वेळा. त्याहून वाईट म्हणजे रात्री ते झोपत नव्हते. मंगळावर सूर्य मावळला की यानाने संगणक बंद करून बॅटरी राखावयाची असते. झोपेवाचून बॅटरी रिकामी होत चालली होती. किती दिवस पुरेल हा प्रश्न होता.

कारण पुढे सापडले ते असे. फ्लॅशमध्ये फायली साठत होत्या, प्रवासातल्याही आणि उतरल्यानंतरच्याही. त्या फायलींची यादी यान उठताना कामाच्या स्मृतीत मांडून घेई, आणि पुसलेल्या फायलींची जागाही त्या यादीतून सुटत नसे. यादी वाढत वाढत तिला दिलेल्या जागेत मावेना. जागा मागितली, मिळाली नाही. कामाचा तो धागा थांबला. वॉचडॉगसारख्या रक्षकाने यान पुन्हा सुरू केले. पुन्हा सुरू झाल्यावर पहिले काम कोणते? फ्लॅश उघडून यादी मांडणे! जुन्या फायली काढून टाकण्याचे आधीच ठरले होते, पण ते पुरे होण्याच्या आतच हे ओढवले. आमच्या बोर्डाचे चक्र आणि हे चक्र, दोन्हींत एकच गोष्ट: बिघाडातून सावरण्यासाठी जी वाट ठेवली, तीच बिघाडातून जात होती.

यान वाचले ते आरंभीच्या आज्ञावलीत ठेवलेल्या एका आडवाटेने. फ्लॅशला हात न लावता, केवळ कामाच्या स्मृतीच्या भरवशावर उठण्याची एक रीत रचणाऱ्यांनी ठेवली होती. आपसात ते तिला 'पांगळी रीत' म्हणत. पृथ्वीवरून तो निर्देश गेला आणि यान त्या पांगळ्या रीतीने उठले. मुख्य म्हणजे रात्री झोपले. त्याच गडबडीत २५ जानेवारीला त्याचे भावंड 'ऑपॉर्च्युनिटी' मंगळाच्या दुसऱ्या बाजूला उतरत होते. फेब्रुवारीत स्पिरिटचा फ्लॅश सारा पुसून नव्याने मांडला. ज्या यानाकडून ९० मंगळदिवसांची अपेक्षा होती, त्याचे शेवटचे बोलणे २२ मार्च २०१० रोजी ऐकू आले.

ह्या यानांच्या आज्ञावलीचे प्रमुख ग्लेन रीव्ह्ज ह्यांनी असा अनुभव पूर्वीही घेतला होता. ४ जुलै १९९७ रोजी उतरलेले 'मार्स पाथफाइंडर' असेच मधूनमधून नव्याने सुरू होई. कमी महत्त्वाच्या कामाने एक सामाईक वस्तू धरून ठेवावयाची, मधल्या महत्त्वाच्या कामाने त्यालाच अडवावयाचे, आणि सर्वांत महत्त्वाच्या कामाने ताटकळत राहावयाचे, असा तो प्रकार. आपल्याकडील कचेऱ्यांत फाईल अडते ती पुष्कळदा अशीच. पृथ्वीवर ठेवलेल्या जुळ्या यंत्रावर प्रयोग करकरून हा दोष पकडला. तो पकडता आला ह्याचे एक कारण असे की दोष शोधण्याची साधने उड्डाणाआधी काढून न टाकता आज्ञावलीतच राहू दिली होती. मग एक खूण बदलली, आणि काम भागले.

आज घरोघरच्या यंत्रांत नवी आज्ञावली हवेतून येते. ती अर्धी आली आणि वीज गेली तर? चांगल्या यंत्रात दोन प्रती ठेवतात. नवी प्रत पूर्ण आली, बेरीज तपासून बरोबर निघाली, म्हणजेच बूटलोडर तिच्याकडे वळतो, नाहीतर जुनीवर राहतो. स्वस्त यंत्रांत एकच प्रत असते. तेव्हा दूरदर्शनच्या पडद्यावर "बंद करू नका" असे दिसत असता कृपया मुख्य बटणाला हात लावू नये. घरातील मुलांनाही सांगून ठेवावे.

टाकीचा नियंत्रक शाळेच्या गच्चीवर बसविला आहे. पाच सेकंदांची विश्रांती मुलीने अर्ध्या-अर्ध्या सेकंदाच्या दहा तुकड्यांत वाटली, आणि प्रत्येक तुकड्यानंतर वॉचडॉगला हाक देण्याची ओळ घातली. खटका तुटला किंवा तार निसटली तर पंप बंदच राहावा, ही सुधारणा तिने आमच्या सांगण्यावाचून केली. पेटीच्या झाकणात आतल्या बाजूला तिने सहा तारांचा नकाशा चिकटविला आहे, कोणती तार कोठे लावावयाची ते रंगांसह.